वंशद्वेषाची जखम भरायला वेळ लागतो, अनुदान मात्र मुदतीचे असते

२०२५ च्या एप्रिलअखेरीस अमेरिकेच्या शिक्षण खात्याने शाळांतील समुपदेशकांसाठी मंजूर झालेले अनुदान पुढे चालू ठेवणार नसल्याचे कळवले. रक्कम सुमारे १०० कोटी डॉलर. टेक्सासमधील युवाल्डी येथे २०२२ साली शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर दोन्ही पक्षांनी मिळून केलेल्या कायद्यातून हा पैसा आला होता. जिथे मानसतज्ज्ञ किंवा समुपदेशक कमी पडतात अशा शाळांत ते नेमावेत, हा त्याचा हेतू. समुपदेशक निवडताना त्यांच्या वंशाचा विचार केला जात होता, यावर नव्या सरकारचा मुख्य आक्षेप होता. काही राज्ये याविरुद्ध न्यायालयात गेली.

तुमची लेक, भाचा किंवा नातवंडे तिकडे असतील तर ही बातमी तुमच्या घरातही पोहोचली असेल. राजकारणात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. डॉक्टर म्हणून मला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. रंगावरून, नावावरून, वंशावरून झालेल्या अपमानाने मूल खरेच आजारी पडते का? आणि पडत असेल, तर त्याचा इलाज शाळेच्या रिकाम्या वर्गात, चर्चच्या तळघरात किंवा बास्केटबॉलच्या मैदानावर करण्यासाठी वेगळा पैसा कशाला लागतो?

ही जखम होते कशी

‘वांशिक आघात’ हे कोणत्याही आजाराचे अधिकृत नाव नाही. वंशामुळे वारंवार अपमान, भीती किंवा हिंसा वाट्याला आल्याने मनावर आणि शरीरावर जो परिणाम होतो, त्याला हा शब्द वापरतात. अपमान मोठाच असावा लागतो असे नाही. दुकानात शिरल्यावर रखवालदार मागे मागे येतो. वर्गात काही हरवले की आधी याचेच दप्तर तपासले जाते. मोबाइलवर रोज कुणीतरी आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांची टिंगल करत असते.

वॉशिंग्टन शहरातील १०१ कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलांना संशोधकांनी सलग दोन आठवडे रोज विचारले, ‘आज काय घडले?’ २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी दिवसाला पाचपेक्षा जास्त प्रसंग नोंदले गेले. त्यातले बरेचसे इंटरनेटवरचे होते. ज्यांच्या वाट्याला जास्त प्रसंग, त्यांच्यात उदासीची लक्षणे जास्त, असेही दिसले. एकेक प्रसंग सुटा पाहिला तर ‘त्यात काय एवढे’ असे वाटेल. पण दिवसाला पाच म्हणजे शाळेच्या एका वर्षात किती होतात, याचा हिशेब करून पाहा.

आपल्या माणसावर गुदरलेला प्रसंग दूरच्यालाही आजारी पाडतो, याचाही पुरावा आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. एखाद्या राज्यात निःशस्त्र कृष्णवर्णीय व्यक्ती पोलिसांकडून मारली गेली, की पुढचे काही आठवडे त्या राज्यातील इतर कृष्णवर्णीय प्रौढांचे ‘मन ठीक नसलेले’ दिवस वाढतात, असे त्यात आढळले. त्याच राज्यातील गोऱ्या लोकांमध्ये ही वाढ दिसली नाही. बातमी सगळ्यांनी तीच पाहिलेली असते. पण ‘उद्या माझा मुलगा असू शकतो’ हा विचार सगळ्यांच्या मनात येत नाही.

शरीरात काय होते ते थोडक्यात सांगतो. धोका जाणवला की कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, झोप उडते. धोका टळला की हे सगळे शांत व्हायला हवे. रोजच सावध राहावे लागणाऱ्या मुलात ते पुरेसे शांत होत नाही. मग पोट दुखते, डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, किंवा मूल एकदम अंगावर धावून येते. अशा मुलाला शाळेत पुष्कळदा ‘वाह्यात’ ठरवले जाते आणि शिक्षा होते. ती शिक्षा जुन्या अनुभवात आणखी एक भर घालते.

निदान नाही, म्हणून बिल नाही

आता पैशाच्या प्रश्नाकडे येऊ.

अमेरिकेत मानसोपचाराचा खर्च बहुतेकदा विमा देतो. विमा पैसे देतो ते निदानाच्या संकेतांकावर. आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान करायचे तर पहिली अट अशी आहे की त्या व्यक्तीचा मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांच्याशी, किंवा त्यांच्या खऱ्या धोक्याशी संबंध आलेला असावा. स्वतःवर गुदरलेले, समोर पाहिलेले किंवा अगदी जवळच्या माणसाबाबत घडलेले चालते. मोबाइलवर पाहिलेली चित्रफीत सर्वसाधारणपणे चालत नाही. वर्षानुवर्षे सोसलेले टोमणे तर नाहीच नाही.

ही अट मूर्खपणाची आहे असे मी म्हणणार नाही. निदानाची व्याख्या सैल केली की प्रत्येक दुःखाला आजाराचे लेबल लागते आणि खऱ्या रुग्णाची रांग लांबते. पण या अटीचा परिणाम काय होतो ते पाहा. रोज अपमान झेलणारा चौदा वर्षांचा मुलगा डॉक्टरकडे गेलाच, तर त्याला नैराश्य, चिंताविकार किंवा ‘वर्तनाची समस्या’ असे एखादे निदान मिळते. मग परवानाधारक तज्ज्ञाने एकट्या मुलाला दिलेल्या पाऊण-एक तासाचे बिल होते. त्याच मुलाला ज्याच्याशी बोलावेसे वाटते तो वस्तीतला प्रशिक्षक, दर बुधवारी दहा मुलांना घेऊन बसणारी निवृत्त शिक्षिका, जेवण देऊन मुलांना थांबवणारे चर्च, यांच्या कामाचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे? यासाठी रकानाच नाही. म्हणून असे उपक्रम अनुदानावर आणि देणग्यांवर चालतात.

थोडा बदल होतो आहे. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी विम्यातून वस्तीतल्या हिंसाप्रतिबंधक कार्यकर्त्यांना मोबदला देण्याचे कायदे २०२१ साली कनेटिकट आणि इलिनॉय या राज्यांनी केले. मला हा मार्ग अनुदानापेक्षा टिकाऊ वाटतो. विम्याच्या यादीत बसलेली सेवा एका पत्राने सहसा बंद होत नाही.

गटात बसून मुले खरेच बरी होतात का

रुग्णाच्या नातेवाईकाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गाणी म्हणून, गोल करून बसून आजार कसा बरा होईल, अशी शंका येणे साहजिक आहे.

सगळ्यात बोलका पुरावा न्यू ऑर्लिन्सचा आहे. २००५ साली कॅटरिना वादळाने हे शहर बुडाले. त्यानंतर आघाताची लक्षणे असलेल्या ११८ मुलांना दोनपैकी एक उपचार देऊ केला: शाळेतच गटाने, किंवा दवाखान्यात जाऊन. दोन्ही उपचार शास्त्रीय होते आणि दोन्हींमुळे लक्षणे कमी झाली. फरक वेगळ्याच ठिकाणी पडला. शाळेतला उपचार ९८ टक्के मुलांनी सुरू केला. दवाखान्यातला सुरू करणारी मुले ३७ टक्के होती. आईला कामावरून सुट्टी नाही, बस वेळेवर नाही, ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ जायची लाज आहे. ही कारणे तुम्हाला ओळखीची वाटतील. चांगले औषध रुग्णाच्या हाताला लागलेच नाही तर ते कितीही चांगले असून काय उपयोग?

दुसरे उदाहरण शिकागोचे. ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमात गरीब वस्त्यांतील, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलगे शाळेतच आठवड्यातून एकदा गटात बसतात. त्यांच्या एका खेळात एकाच्या मुठीत चेंडू असतो. दुसऱ्याला सांगतात, ‘तीस सेकंदांत तो मिळव.’ बहुतेक मुले झटापट करतात, बोटे पिरगाळतात. वेळ संपल्यावर समुपदेशक शांतपणे विचारतो, ‘कुणी नुसता मागून का पाहिला नाही?’ समोरच्याच्या मनात वाईटच आहे हे आपण किती पटकन गृहीत धरतो, यावर मग बोलणे सुरू होते. रोज ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते तोही जगाकडे संशयाने पाहू लागतो, आणि तिथे हा खेळ नेमका काम करतो.

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या शास्त्रीय चाचण्यांत, उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. शाळा पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. मात्र उपक्रम थांबल्यावर अटकांमधला हा फरक टिकला नाही. काही जण यावरून ‘म्हणजे उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढतात. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला, तर आपण गोळीला दोष देतो का?

हेही सांगायला हवे की वस्तीत चालते म्हणून सगळेच चांगले, असे नाही. भयंकर घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकदा बसवून ‘मोकळे व्हा’ म्हणण्याची पद्धत पूर्वी लोकप्रिय होती. अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही आणि काहींना उलट त्रास होऊ शकतो, असे संशोधनाच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. ज्या मुलाला आत्महत्येचे विचार येतात, आवाज ऐकू येतात, जे जेवत-झोपत नाही, त्याला गटाबरोबर डॉक्टरही हवा.

पैसा येतो दुर्घटनेनंतर

या कामाची सुरुवात सरकारने केलेली नाही. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लहान मुलांपुढे काळी आणि गोरी बाहुली ठेवून ‘छान कोणती, वाईट कोणती’ असे ते विचारत. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली छान म्हणून निवडली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. पण या दोघांनी नुसते मोजमाप केले नाही. १९४६ सालीच त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलांसाठी मानसिक आरोग्याचे केंद्र काढले, तेही घरच्यांकडून उसन्या घेतलेल्या थोड्या पैशांवर. ते केंद्र आजही चालू आहे.

१९६९ साली ‘ब्लॅक पँथर’ पक्षाने ओकलंडमध्ये शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली, नंतर मोफत दवाखाने आणि सिकलसेलची तपासणीही. (याच पँथरांपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. अपमानाच्या जखमेची भाषा दोन्हीकडे लगेच कळली.)

सरकारी पैसा आला तो लाटांनी. १९६३ साली केनेडींनी वस्तीपातळीवरील मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा केला. ठरवलेल्या केंद्रांपैकी सुमारे निम्मीच उभी राहिली आणि १९८१ साली केंद्र सरकारचा निधी कापून उरलेला राज्यांकडे सोपवला गेला. २०१४ साली फर्ग्युसनमध्ये अठरा वर्षांच्या मायकेल ब्राउनचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. २०१५ साली बाल्टिमोरमध्ये फ्रेडी ग्रे पोलीस कोठडीतल्या दुखापतीने गेला. दोन्ही ठिकाणी वस्त्या पेटल्या. मग २०१६ साली ‘रिकास्ट’ नावाचे केंद्रीय अनुदान सुरू झाले. अशा उद्रेकानंतर त्या भागातील तरुणांना आणि कुटुंबांना सावरण्यासाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षे. सेंट लुईस भागात तर काही पैसा कुठे जावा हे रहिवाशांनीच मत देऊन ठरवले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्याचे कुणी ऐकत नाही अशा तरुणाला ‘तू सांग, काय हवे’ असे विचारणे हा उपचाराचाच भाग आहे.

पण मुदत पाहा. उद्रेक झाला त्या साली सात वर्षांचे असलेले मूल पाच वर्षांनी बारा वर्षांचे होते. ज्या वयात हे प्रसंग बोचू लागतात, त्याच वेळी अनुदान संपते. शिवाय पहिले वर्ष माणसे नेमण्यात आणि विश्वास मिळवण्यात जाते, शेवटचे वर्ष पुढच्या अर्जांत. हाती उरतात तीन वर्षे. ज्या मुलाने आधीच अनेक माणसे गमावली आहेत, त्याच्यासमोरून विश्वासातली ताई किंवा प्रशिक्षक निघून जाणे हा निराळा धक्का असतो. म्हणून मोठी रक्कम दोन वर्षे देण्यापेक्षा लहान रक्कम दहा वर्षे द्यावी, असे माझे मत आहे. हिशेब जरूर मागावा. झोप सुधारली का, शाळेतली हजेरी वाढली का, हे मोजता येते. पण लक्षणांचे मोजमाप आणि छापील अहवालांचे ढीग यांत फरक आहे. लहान संस्थेचा अर्धा पैसा अहवाल लिहिण्यात जाऊ नये.

आपली मुले यात कुठे आहेत

अमेरिकेतील मराठी घरांत हा विषय क्वचित निघतो. ‘हे काळ्या-गोऱ्यांचे भांडण, आपण शिकलेली माणसे’ असा समज असतो. पण १९८७ साली न्यू जर्सीत भारतीयांवर हल्ले करणारी टोळी स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवत होती. हे नाव बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून घेतलेले होते. २०२० साली कोविडच्या काळात आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले वाढले. त्यानंतर २०२१ साली कॅलिफोर्नियाने आशियाई समाजांसाठी पंधरा कोटी डॉलरहून अधिक तरतूद केली. त्यातला काही पैसा स्थानिक संस्थांमार्फत पीडितांच्या मानसिक आधारावर खर्च झाला.

मुलांची लक्षणे बारीक असतात. डबा न खाता परत येतो. मूल आपले नाव स्वतःच मोडून सांगू लागते. आईने शाळेत साडी नेसून किंवा मराठीत बोलत येऊ नये म्हणून हट्ट करते. सोमवारी सकाळी पोट दुखते आणि शनिवारी दुखत नाही. अशा वेळी ‘दुर्लक्ष कर’ किंवा ‘तू पहिला ये, सगळे गप्प बसतील’ हे आपले ठरलेले उत्तर असते. हेतू चांगला असला तरी मुलाला त्यातून ‘हे घरी सांगण्यासारखे नाही’ एवढेच कळते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड स्टीव्हन्सन मुलांना आणि पालकांना एक सोपी पद्धत शिकवतात. ती फोनवरून आजी-आजोबांनाही जमेल. मुलाला विचारा, एक ते दहामध्ये किती त्रास झाला? शरीरात कुठे जाणवले, घशात, पोटात, की मुठीत? त्या वेळी मनात कोणते शब्द आले? मग सावकाश श्वास घ्यायला आणि सोडायला सांगा. उपदेश नंतर, किंवा नाहीच. आपल्या भाषेचा, सणांचा, घराण्याच्या गोष्टींचा अभिमान असलेली मुले अशा अपमानाला जास्त चांगली तोंड देतात, असे संशोधन सांगते. त्यामुळे रविवारची मराठी शाळा किंवा मंडळाच्या नाटकाची तालीम ही नुसती हौस नाही. तिथे मूल एकटे नसते. मात्र त्याच मंडळात रंगावरून ‘काळी’ म्हणून चिडवणे, आडनावावरून जात काढणे किंवा कृष्णवर्णीयांबद्दल वाईट बोलणे चालत असेल, तर मूल तेही ऐकत असते.

शाळेच्या किंवा वस्तीच्या एखाद्या गटात मुलाला पाठवायचे असेल तर आधी चौकशी करा. गट कोण चालवतो, त्यामागे परवानाधारक तज्ज्ञ आहे का, गंभीर लक्षणे दिसली तर कुठे पाठवतात, आणि पैसा कधीपर्यंत आहे? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. उपक्रम बंद होणार असेल तर मुलाला निदान महिनाभर आधी सांगितले जावे आणि पुढे कुणाकडे जायचे ते ठरवून द्यावे, अशी मागणी पालक करू शकतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, शाळा किंवा मैत्री बिघडलेली असेल, तर मुलाच्या डॉक्टरांना दाखवा आणि प्रसंग स्पष्ट शब्दांत सांगा. ‘शाळेत जरा त्रास आहे’ एवढ्यावर सोडू नका. मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर थांबू नका. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते. भारतात सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.